वाट्याचा माणूस

मॅकडफ, स्कॉटलंड
१२ जानेवारी

मानांग,

फोनवर मी सगळ्यालाच 'बरं आहे' म्हणतो आणि कागदावर खोटं लिहायला लागलो की माझं अक्षर बिघडतं, हा शोध तू लावल्यापासून माझी सुटका नाही. तेव्हा हे पान. धक्क्याला लागलो की फोटो काढून पाठवीन. एर्लीसमोर वाचू नकोस. बायकोला घोर नको म्हणून मी तो मोठ्या बहिणीच्या गळ्यात घालतोय. लहानपणापासूनची सवय आहे, सुटत नाही.

माझा व्हिसा तीस जूनला संपतो. तो वाढवून मिळायचा तर बोटीच्या मालकाने लिहून द्यावं लागतं की या खलाशाला वर्षाला इतका पगार आम्ही देणारच, मासे मिळोत न मिळोत. हा 'इतका' गेल्या तीन वर्षांत बराच वर चढलाय. जादा तासांचे पैसे त्यात धरत नाहीत, बोटीवरचं जेवण धरत नाहीत. माझा आत्ताचा पगार तिथवर पोचत नाही.

म्हणजे जॉर्डी कावीकडे पगारवाढ मागायची. आमचा तांडेल तुला माहीत नाही. बोट त्याचीच, आणि शब्द असे काटकसरीने वापरतो की जणू तेही डिझेलसारखे विकत घ्यावे लागतात. मागच्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, "जूनमध्ये माझा व्हिसा संपतो." तो म्हणाला, "हं." हे 'हं' म्हणजे हो की नाही, यावर मी चार दिवस डोकं खाजवतोय. बोटीचे कागद त्याची बायको शीना बघते, पण तांडेलाला वगळून त्याच्या बायकोकडे जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

नाही मिळाला तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. या व्हिसाआधीची सहा वर्षं मी त्या दुसऱ्या, नुसत्या बोटीपुरत्या कागदावर काढली. बोटीवरच झोपायचं, बोटीवरच आजारी पडायचं, आणि गावात पाय टाकायचा तो चोरासारखा. आता बेकरीवरच्या माळ्यावर माझी खोली आहे, तिच्या दाराला किल्ली आहे. अजून दोन वर्षं निघाली की कायमचं राहायचा अर्ज करता येतो. मग एर्लीला आणीन. त्याआधी तिला बोलवायची माझी हिंमत नाही. ती दोन वर्षं या एका 'हं'वर अडकलीत.

ता. क. सणासाठी पाळलेल्या त्या प्राण्याबद्दल तू मागच्या खेपेला दोन पानं लिहिलीस. वाचून बरं वाटलं, पण त्याचं नाव बोटीवर काढायचं नसतं, अपशकुन मानतात. माझ्या तोंडून निघालं तर तांडेलासकट सगळे लोखंडाला हात लावायला धावले. यापुढे त्याला 'तो जाडा' म्हण.

तुझा तोतो,
क्रिसांतो


एस्तान्सिया
३० जानेवारी

तोतो,

जाडा मजेत आहे. डुक्कर म्हणायला इथे मला कुणाची भीती नाही. तुझ्यापेक्षा जास्त खातो आणि भूक लागली की ओरडून सांगतो. तू त्याच्याकडून शीक.

ताताय गेले, बापाचं छत्र गेलं, तेव्हा तू नऊ वर्षांचा. तेव्हापासून तुला भूक लागली, ताप आला, शाळेत मार बसला, हे सगळं मला तुझ्या तोंडावरून ओळखावं लागायचं. मी ओळखायची, कारण मी तुझी मानांग. तो स्कॉटिश म्हातारा तुझी मानांग नाही. त्याला काय स्वप्न पडणार आहे का, की याला पगार वाढवून हवाय? तोंड उघड आणि सांग.

आणि बायकोकडे कसा जाऊ म्हणे! सुकवलेले मासे विकण्यात माझं आयुष्य गेलं. होड्या पुरुषांच्या असतात, पण होडीचं काय चाललंय हे ज्या बाईच्या हातात वही असते तिलाच माहीत असतं. पण तू ऐकायचा नाहीस. तुझं लाजणं मोठं ना.

इकडे पाऊस थांबेना, दहा फळ्या मासळी ओलीच आहे. एर्ली माझ्या बरोबरीने राबते. तिला मी काहीही सांगितलेलं नाही.

मानांग


मॅकडफ
२३ फेब्रुवारी

मानांग,

'काहीही सांगितलेलं नाही' या ओळीत तुझं अक्षर का बिघडलं? असो. आज मी रागावणार नाही. आज मला कुणीच राग आणू शकत नाही.

दहा दिवसांपूर्वी दुपारी जाळं तळाच्या खडकात अडकलं. वारा होताच. दोर ताणला गेला, बोट एका अंगावर कलली आणि पाणी डेकवर चढायला लागलं. दोर गुंडाळणाऱ्या विंचपाशी मी होतो. तांडेलाने ओरडायच्या आत मी ब्रेक सोडला, दोर सुसाट सुटला आणि बोट सरळ झाली. जाळं गेलं, माणसं राहिली. एवढंच झालं. तांडेलाने चहा केला, हे मात्र नवल.

आता ऐक. दर शनिवारी खलाशांच्या मिशनमधल्या खोलीत फेरीचा हिशेब होतो. खर्च जाऊन उरेल त्यातलं निम्मं बोटीचं, निम्मं माणसांत वाट्याने. बाकीचे चौघं वाट्याची माणसं, मी एकटा पगारी, म्हणून मी तिथे फक्त बिस्किटं खायला जातो. त्या शनिवारी जॉर्डी उभा राहिला. बसूनही न बोलणारा माणूस उभा राहून म्हणाला, "सांतोला आजपासून पूर्ण वाटा." आणि बसला.

चौघंही उठले आणि एकेकाने हात मिळवला. सगळ्यात म्हातारा खलाशी मला म्हणाला, "चाळीस वर्षांत या बोटीवर बाहेरच्या माणसाला वाटा मिळालेला मी पाहिला नाही." मानांग, मी रडलो. मासळीचं खारं पाणी डोळ्यांत गेलं म्हणून सांगितलं, पण खोलीत कुठलं आलं खारं पाणी.

आणि पगारवाढ मागायचंही टळलं. मासे धो धो लागताहेत. याच चालीने वर्ष गेलं तर व्हिसासाठी गृहखात्याने घातलेला आकडा कुठल्या कुठे मागे पडेल.

तोतो


एस्तान्सिया
४ मार्च

माझ्या राजा,

तुझं पत्र मी बाजारात वाचलं, देवळात वाचलं, आणि बर्फवाल्याने बर्फ द्यायला उशीर केला म्हणून त्यालाही उभं करून वाचून दाखवलं. फादरनी रविवारी तुझं नाव घेतलं. तातायच्या होडीवर पूर्ण वाटा मिळायला माणसाचे केस पिकायचे. तुला परमुलखात मिळाला. ताताय असते तर दोन दिवस गप्प बसले असते. त्यांचा आनंद तसाच असायचा, तुला माहीत आहे.

एर्लीने नवा झगा शिवायला टाकलाय. कशासाठी विचारलं तर म्हणते, "असाच."

मानांग


मॅकडफ
८ एप्रिल

मानांग,

दीड महिना लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

तुझं पत्र आलं आणि वारं फिरलं. तीन आठवडे एकही बोट बाहेर पडली नाही. मासे नाहीत तर वाटा नाही. तीन शनिवार आम्ही पाच जणांनी मिशनमध्ये कोरडी बिस्किटं खाल्ली. त्याचं मला काही वाटलं नाही. खरं सांगू, बरंच वाटलं. सगळ्यांच्या हातात जे, तेच माझ्या हातात. तेवढ्यात एक घोळ झाला. त्या तीनही आठवड्यांत माझ्या बँकेत पगार जमा झाला, तोही पूर्वीपेक्षा जास्त. शीनाच्या हातून चुकून झालं असणार. चौघं कोरडे आणि मी ओला, हे कसं चालेल? मी दर खेपेला पैसे काढले, साध्या पाकिटात घातले आणि नाव न घालता तिच्या दाराच्या फटीतून टाकले. चूक काढून दाखवून बिचारीला कशाला ओशाळं करायचं. आपण फुकटचं खात नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. मिशनमध्ये व्हिसाचे अर्ज भरायला मदत करणारी एक बाई येते. तिला म्हटलं, मी आता वाट्याचा माणूस आहे, कमाई भरपूर आहे. तिने चष्मा काढला. म्हणाली, वाटा धरत नाहीत. वाटा म्हणजे समुद्र देईल ते. गृहखात्याला लिहून दिलेला पगार हवा. वर वाट्याचा माणूस म्हणजे स्वतःच स्वतःचा मालक, आणि हा व्हिसा नोकरी करणाऱ्याचा आहे. म्हणजे पगार सुटला असेल तर व्हिसाही सुटला.

मी तिला तीनदा विचारलं. तीनदा तिने तेच सांगितलं, दर वेळी आणखी हळू आवाजात.

आता एकच वाट आहे. जॉर्डीपुढे जाऊन म्हणायचं की तुझा वाटा परत घे आणि मला पुन्हा पगारी कर. कसं म्हणू? तूच सांग.

तोतो


एस्तान्सिया
१५ एप्रिल

तोतो,

पाकिटं परत टाकलीस ते तातायच्या पोराला शोभलं. पण वाटा परत करायची भाषा? डोकं ठिकाणावर आहे ना? तातायच्या होडीवर एकाने वाटा परत केला होता. त्याचा अर्थ सगळा किनारा एकच लावायचा: या होडीवर मला राहायचं नाही. तातायनी त्या माणसाकडे मरेपर्यंत पाहिलं नाही. त्या म्हाताऱ्याने चार लोकांत उभं राहून तुझा हात धरला आणि तू तो झटकणार? दुसरा काहीतरी मार्ग काढ. फादरना विचारते.

मानांग

*

मानांगने पत्र लिहून ठेवलं होतं, ते मी घेतलं. मी एर्ली. मला जानेवारीपासून सगळं माहीत आहे. त्यांना पोटात काही ठेवता येत नाही, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

वाटा परत करा. त्या म्हाताऱ्याला वाईट वाटेल, वाटू दे. मलाही नऊ वर्षं वाईट वाटतंय, मी मेले का? लोकांनी तुमचं नाव घेतलं, हात मिळवला, सगळं छान. मला वाटा नको, नवरा हवा. नवा झगा कशासाठी शिवला ते आता तरी ओळखा.

एर्ली


मॅकडफ
६ मे

मानांग, आणि एर्ली,

सांगितलं.

एर्लीचं पत्र खिशात घेऊन दहा दिवस हिंडलो आणि शेवटी सुकाणूच्या खोलीत, व्हीलहाउसमध्ये गेलो. सगळं पाठ केलं होतं, गृहखातं, आकडा, तीस जून. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच बाहेर पडलं, "मला वाटा नको. मला पगारावर घ्या."

तो समोर पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "ठीक." त्याला 'ठीक' म्हणताना मी आधी कधी ऐकलेलं नाही.

नंतर म्हाताऱ्या खलाशाने मला गाठलं. "कुठली बोट?" मी म्हटलं, कसली बोट? तो म्हणाला, "लपवू नकोस. इथे वाट्यावरचा माणूस पगारावर जायला निघाला की त्याचा एक पाय दुसऱ्या बोटीवर असतो. पगारी माणसाला आठवडाभर आधी सांगून सुटता येतं." मानांग, तुझा किनारा आणि हा किनारा एकच निघाला. मी नाही नाही म्हटलं, पण जितकं नाही म्हणावं तितकं ते खोटं वाटत होतं.

त्यानंतर दोन फेऱ्या झाल्या. काम सांगतात, चहा देतात, बोलत कुणी नाही. शीनाने नव्या पगाराचा कागद दिला तरच अर्ज करता येईल. ती बोलवत नाही आणि मी कुठल्या तोंडाने जाऊ? पावणेदोन महिने उरलेत. खोलीचं सामान कमीच आहे, एका पिशवीत मावेल.

तोतो


एस्तान्सिया
१४ मे

श्रीमती शीना कावी यांना,
खलाशांचं मिशन, मॅकडफ

मी क्रिसांतोची मोठी बहीण, पासिता देमाइसिप. आपली ओळख नाही. मिशनच्या बाईंकडे हे पाठवते आहे, त्या तुम्हाला देतील. माझ्या भावाला हे कळलं तर तो समुद्रात उडी टाकेल, म्हणून त्याला सांगितलेलं नाही.

तो कुठल्याही बोटीवर जात नाही. तुमच्या यजमानांनी वाटा दिला तेव्हा आमच्या देवळात त्याचं नाव घेतलं गेलं. तो वाटा त्याला जिवापेक्षा प्यारा आहे. पण तुमचं सरकार वाटा मोजत नाही, लिहून दिलेला पगार मोजतं. तो नसेल तर तीस जूनला त्याला परत यावं लागेल. त्याची बायको नऊ वर्षं वाट पाहते आहे. एवढं साधं वाक्य त्याला बोलता आलं नाही, कारण त्याला वाढवताना मी त्याच्या मनातलं ओळखत राहिले आणि त्याला बोलायला शिकवलंच नाही. ती चूक माझी आहे. तिची शिक्षा त्याला देऊ नका.

सुरुवातीला मीही त्याला वाटा परत करू नकोस म्हणाले होते. माझंही चुकलं. मी चुकले असं मी सहसा लिहीत नाही.

पासिता देमाइसिप


मॅकडफ
२५ मे

प्रिय मिस देमाइसिप,

तुमचं पत्र मिळालं. ते वाचल्यावर मी आधी खुर्चीत बसले आणि मग मोठ्याने हसले. त्याबद्दल माफ करा. कारण सांगते.

तुमचा भाऊ पगारावरून कधी निघालाच नव्हता. जॉर्डीने त्या शनिवारी 'पूर्ण वाटा' म्हणून टाकलं, तेव्हा व्हिसाचं काय होईल याचा विचार त्याने केला नाही. तो करतच नाही. कागदांबद्दल बोलायला लागलं की त्याला झोप येते. विचार मी केला. मी क्रिसांतोचा पगार सरकारच्या नव्या आकड्याइतका वाढवला आणि तो बोटीच्या निम्म्यातून चालू ठेवला. चांगल्या आठवड्यात वाट्याइतकं होईल एवढी भर मी त्यावर घालत होते, म्हणून त्याला फरक दिसला नाही. वाईट आठवड्यात नुसता पगार. माणसांच्या निम्म्याला हात लावलेला नाही. दर आठवड्याला पगाराचा कागद त्याला ईमेलने जातो. तो एकही उघडत नाही, हे मला आता कळलं.

व्हिसासाठी लागणारा कागद मार्चपासून माझ्या खणात तयार आहे. तो मागायला येईल म्हणून मी थांबले होते. येईना, आणि मग पगारावर घ्या म्हणाला, तेव्हा मलाही वाटलं की स्वारी दुसरीकडे निघाली. तो मी बोलवीन म्हणून थांबला होता. दोघांनी मिळून तीन महिने वाया घालवले.

राहिली ती पाकिटं. ती कुठून आली हे मिशनच्या बाईंकडून काल कळलं, तुमचा भाऊ त्यांच्यापाशी बोलला होता म्हणे. पगार दाखवायचा आणि मागच्या दाराने परत घ्यायचा, असल्या मालकांवर गृहखात्याचा डोळा असतो. पण या गावात बुडत्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटीसाठी वर्गणी मी गोळा करते आणि लोक नाव न घालता माझ्या दारातून पाकिटं टाकतात. मी तीही तिन्ही तशीच वर्गणीत भरली, पावत्यांसकट. तेव्हा तुमच्या भावाने पगार परत केलेला नाही. त्याने घसघशीत देणगी दिली आहे. समितीने त्या अज्ञात दात्याचे आभारही मानले.

जॉर्डीला तुमचं पत्र वाचायला दिलं. दोनदा वाचलं, मग कोट घातला आणि बेकरीवरच्या खोलीवर गेला. काय बोललात विचारलं तर म्हणाला, "चहा प्यायलो." पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याला चहाला तीन तास लागलेले मी पाहिले नाहीत. येताना डोळे लाल होते. वारा होता म्हणे.

वाटा त्याने दिलाय, तो तसाच राहील. पगार कागदावर आणि वाटा माणसांत. अर्ज सोमवारी जाईल. निकाल लागेपर्यंत तो इथेच काम करू शकतो, मिशनच्या बाईंकडून तेही विचारून घेतलंय.

शीना कावी


मॅकडफ
३ ऑगस्ट

मानांग,

तू माझ्या तांडेलाच्या बायकोला पत्र लिहिलंस. मला न विचारता! त्या दिवशी जॉर्डी दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं हाकलायलाच आलाय. तो आत आला, माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "तू सांगायचंस." मी म्हटलं, "तुम्ही विचारायचंत." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला असं उलट बोललो. मग मी चहा टाकला आणि तो संपेपर्यंत तीन तास गेले. मी तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं. ते काही जमत नाही.

आता पुढचं ऐक. परवा फेरीवरून परतत होतो. दुपारचा पहारा माझा होता. किनारा दिसायला लागला तशी फोनला रेंज आली आणि निकाल आला. अर्ज मंजूर. मी तीनदा वाचला. पगाराचा रकाना, बोटीचं नाव, माझं नाव, सगळं ठीक होतं. सात महिने धरून ठेवलेला जीव भांड्यात पडला. सुकाणूला धरून उभा राहिलो.

जॉर्डी वर आला. माझ्याकडे पाहून त्याला कळलं.

"कधीपर्यंत?"

"अजून तीन वर्षं."

त्याने सुकाणूवरचा माझा हात बाजूला केला. म्हणाला, "झोप जा. तुझा पहारा मी करतो."

मी खाली जाऊन पडलो तो पडलोच. मानांग, जानेवारीपासून मी असा झोपलो नव्हतो. जाग आली तेव्हा इंजिन बंद होतं. धडपडत वर गेलो तर बोट धक्क्याला लागलेली, डेक धुतलेला, मासळी केव्हाच उतरवून झालेली. माझ्या वाटचं काम त्या चौघांनी आणि तांडेलाने करून टाकलं होतं आणि मला कुणी उठवलं नव्हतं. कुणीतरी माझे बूटही काढून ठेवले होते.

एर्ली, हे तूच आधी वाचत असशील, ठाऊक आहे मला. पासपोर्ट काढायला टाक. इथली दोन वर्षं अजून जायची आहेत आणि पासपोर्टला इतका वेळ लागत नाही, हेही मला माहीत आहे. तरी आजच टाक.

क्रिसांतो